अध्ययन शैली आणि शैक्षणिक माध्यमांची रचना

अध्ययन शैली म्हणजे लर्निंग स्टाइल, बी.एड. डी.एड. करणाऱ्यांना हे नवीन नाही. कल्पना अशी की कुणाला बघून चांगलं समजतं, कुणाला ऐकून, कुणाला हाताने करून, मग ज्याची जी शैली त्याला त्याच प्रकारचं साहित्य द्यायचं, म्हणजे तक्ते, ऑडिओ, व्हिडिओ, खेळ, प्रत्येकाचं वेगळं. ऐकायला हे एकदम पटतं, म्हणूनच ते इतकं पसरलं.

अशी मॉडेल्स खूप आहेत. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये फ्रँक कॉफिल्ड आणि सहकाऱ्यांनी मोजली तर ७१ निघाली! सगळ्यात गाजलेलं म्हणजे न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांचं व्हार्क, त्यात चार गट आहेत: दृश्य, श्राव्य, वाचन-लेखन आणि कृती. यात एक गोष्ट बरेच जण विसरतात, फ्लेमिंग यांच्या 'दृश्य' गटात आकृत्या, नकाशे, आलेख येतात, नुसते फोटो किंवा व्हिडिओ नाही, त्यामुळे 'पोरगं व्हिज्युअल आहे, व्हिडिओ लावून द्या' हे व्हार्कच्या हिशोबानेही चुकीचंच.

पण खरा प्रश्न हा आहे की शैलीला जुळणारं माध्यम दिलं तर मूल जास्त शिकतं का. २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड पॅशलर आणि तीन सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन तपासलं. त्यांची अट सोपी होती, 'बघून शिकणाऱ्यां'ना चित्रांनी जास्त फायदा झाला पाहिजे आणि 'ऐकून शिकणाऱ्यां'ना त्याच धड्यात आवाजाने, असं उलटसुलट चित्र दिसलं तरच दावा खरा मानायचा, आणि नीट केलेल्या अभ्यासांत तसा पुरावा जवळजवळ नव्हताच. २०१५ मध्ये अमेरिकेत बेथ रोगोस्की आणि इतरांनी प्रौढांना तोच मजकूर कुणाला ऑडिओबुकवर, कुणाला ई-बुकवर दिला, तिथेही आवडीचं माध्यम आणि समजणं यांचा संबंध लागला नाही. आवड असते, ती खोटी नाही, पण आवडीमुळे जास्त समजतं असं होत नाही. मुलांवर शिक्का मारणं मला तर घातकच वाटतं, 'मी वाचून शिकणारा नाही' असं एकदा डोक्यात बसलं की पोरगं पुस्तक उघडायचंच सोडतं.

मग माध्यम ठरवायचं कशावरून? विषयावरून. भूमितीला आकृती सगळ्यांनाच लागते, कवितेची चाल सगळ्यांनी ऐकावीच लागते आणि सर्किट जोडायला हातच लागतात. अमेरिकेतले शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी मल्टिमीडियावर, म्हणजे चित्र, शब्द आणि आवाज एकत्र वापरणाऱ्या धड्यांवर, वर्षानुवर्षं प्रयोग केले, त्यातून निघालेले नियम धडे बनवणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलावर असावेत: चित्र आणि त्याचं स्पष्टीकरण शेजारीशेजारी ठेवा (हृदयाच्या आकृतीत नुसते आकडे आणि नावं पुढच्या पानावर, हा छळ आपण सगळ्यांनी सोसलाय), विषयाशी संबंध नसलेली सजावट आणि म्युझिक काढा, ॲनिमेशनबरोबर आवाज चालू असेल तर तेच पूर्ण वाक्य परत स्क्रीनवर छापू नका. शेवटच्या नियमाला अपवाद आहे, ऐकू न येणाऱ्यांना किंवा भाषा नवीन असणाऱ्यांना सबटायटल हवेतच. शिवाय हे नियम नवशिक्यांना जास्त लागू पडतात, विषय आधीच माहीत असलेल्याला तीच मदत कधीकधी अडचण होते.

इथे शैली आणि गरज यांची गल्लत होऊ नये. अंध मुलाला ब्रेल किंवा ऑडिओ लागतो, ती त्याची शैली नाही, त्याचा हक्क आहे. अमेरिकेतल्या कास्ट या संस्थेची युनिव्हर्सल डिझाइन फॉर लर्निंग ही चौकट याच बाजूने जाते, म्हणजे मुलांची वाटणी न करता एकाच धड्याला अनेक वाटा सगळ्यांसाठी उघड्या ठेवायच्या.

आपल्याकडचं उदाहरण सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचं. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड टाकले, कोड स्कॅन केला की कवितेचा ऑडिओ, व्हिडिओ, गोष्ट, स्वाध्याय उघडायचा, कुणालाही, शैली न विचारता. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ हा शिक्षकांसाठीचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला तेव्हा क्यूआर कोडचीच चर्चा जास्त झाली, पण मला त्यातलं महत्त्वाचं काम दुसरंच वाटतं: पुस्तकांतला मजकूर त्यांनी आधी मुलांच्या मातृभाषेत आणला, कारण तिथल्या मुलांची घरची भाषा कन्नड होती.