अल्प्सचे स्विच: बंद होण्याआधीच काय काय निघून गेलं

कीबोर्डचा एखादा स्विच, म्हणजे कळीखालचा दाब ओळखणारा भाग, बंद होणार अशी बातमी आली की हौशी मंडळींची धावपळ सुरू होते. साठा कुणाकडे उरलाय, किती नग घेऊन ठेवावेत, पर्याय म्हणून काय चालेल, याची विचारपूस होते. अशा वेळी एक जुनं नाव हमखास निघतं, ते म्हणजे अल्प्स. जपानच्या अल्प्स इलेक्ट्रिक कंपनीने एसकेसीएल आणि एसकेसीएम या मालिकांमधले स्विच १९८३ च्या सुमारास बाजारात आणले. पुढची काही वर्षं ते जगातल्या उत्तमोत्तम कीबोर्डांत बसले आणि नंतर दिसेनासे झाले. हे स्विच एका फटक्यात बंद झाले असं मला वाटत नाही. त्यातलं चांगलं ते एकेक करून आधीच काढून घेतलं गेलं. उत्पादन थांबलं तेव्हा नाव होतं, मूळ चीज फारशी राहिली नव्हती.

आपल्याकडे यांत्रिक कीबोर्डची ओळख बहुतेकांना टीव्हीएस गोल्डमुळे झाली. रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर, टॅलीत नोंदी करणाऱ्यांच्या टेबलावर, डीटीपीच्या दुकानात कटकट वाजणारा तो कीबोर्ड आठवून बघा. त्यात जर्मनीतल्या चेरी कंपनीचे निळे स्विच असत. प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच आणि त्यात स्वतःची स्प्रिंग, त्यामुळे अक्षर उमटलं की नाही ते बोटालाच कळतं. अल्प्स आणि चेरी हे त्या काळातले दोन मोठे प्रतिस्पर्धी. यातला एक टिकला आणि दुसरा गेला, आणि गेला तो माझ्या मते जास्त चांगला होता.

अल्प्सची सुरुवात १९४८ ची. टोकियोत काताओका कात्सुतारो यांनी काताओका इलेक्ट्रिक नावाने कंपनी काढली. रेडिओला लागणारे फिरते स्विच आणि व्हेरिएबल कंडेन्सर ही तिची सुरुवातीची उत्पादनं. १९६४ मध्ये तिचं नाव अल्प्स इलेक्ट्रिक झालं. दुसऱ्याच्या यंत्रात बसणारा छोटा भाग नेटका करून द्यायचा, हा तिचा पिंड तेव्हापासूनचा. संगणक आले तसा कीबोर्ड हा त्या धंद्याचा एक हिस्सा बनला.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कीबोर्ड जाडजूड असत. दिवसभर टंकन करणाऱ्यांची मनगटं दुखतात म्हणून जर्मनीत मानक आलं: कीबोर्डच्या मधल्या ओळीची उंची ३० मिलिमीटरच्या वर नको. जर्मनी ही कार्यालयीन यंत्रांची मोठी बाजारपेठ, त्यामुळे सगळ्याच उत्पादकांना बुटके स्विच करणं भाग पडलं. चेरीचा एमएक्स आणि अल्प्सची ही मालिका, दोन्ही त्याच लाटेत आले.

दोघांमधला फरक पोटात शिरल्याशिवाय कळत नाही. चेरीच्या स्विचमध्ये धातूची पाती विजेचा संपर्कही जोडते आणि टॅक्टाइल प्रकारात बोटाला लागणारा उंचवटाही त्याच पातीवर घासून तयार होतो. एकाच पातीकडून दोन कामं करून घेतलेली. अल्प्सने ही कामं वेगळी केली. कळीबरोबर खाली-वर सरकणाऱ्या भागाला स्लायडर म्हणतात. त्याच्या एका बाजूला संपर्काची व्यवस्था: आत स्वतःची संपर्क-जोडी असलेली एक छोटी चपटी पट्टी आणि तिच्यावर दाब देणारी एक पाती. स्लायडर खाली आला की पाती पट्टीवर दाबली जाते आणि संपर्क जुळतो. समोरच्या बाजूला दुसरी पाती, तिचा विजेशी काहीही संबंध नाही. तिचं काम फक्त बोटाला जाणीव करून देणं. क्लिकी स्विचमध्ये ती स्लायडरखालून निसटून घराच्या, म्हणजे स्विचच्या बाहेरच्या कवचाच्या, भिंतीवर आपटते आणि टक् असा स्वच्छ आवाज येतो. टॅक्टाइल स्विचमध्ये तिचा आकार असा की बोटाला उंचवट्याचा ठसका लागतो पण आपटण्याचा आवाज होत नाही. लिनिअर स्विचमध्ये ती पातीच नसते, कळ सरळ खाली जाते.

याचा फायदा असा की विजेची बाजू जशीच्या तशी ठेवून नुसती ती एक पाती बदलली की स्विचचा स्वभाव बदलतो. कीबोर्ड दुरुस्त करणाऱ्यांसाठी आणखी एक सोय होती. स्विच सर्किट बोर्डावर डाग देऊन बसवलेला असला तरी वरचं झाकण चिमट्याने बाजूच्या खाचा सोडवून उचलता येतं. झाकण निघालं की स्लायडर, स्प्रिंग आणि पाती हातात येतात. डाग सोडवायची गरज नाही. मोजले तर खालचं घर, वरचं झाकण, स्लायडर, स्प्रिंग, दोन पात्या आणि ती संपर्कपट्टी असे सात भाग होतात. १०१ कळांच्या कीबोर्डात म्हणजे सातशेच्या आसपास तुकडे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढचं बरंच काही त्यावरच फिरतं.

स्विच ओळखायचे ते स्लायडरच्या रंगावरून. पिवळे आणि हिरवे लिनिअर. नारिंगी आणि त्यानंतरचे फिकट गुलाबी टॅक्टाइल. निळे क्लिकी, आणि आजही जाणकारांत सगळ्यात जास्त मान त्यांनाच. निळ्याचा ठसका तीक्ष्ण, आवाज मोकळा आणि कळ हलकी.

ॲपलने १९८७ च्या मार्चमध्ये मॅकिंटॉश एसई आणि मॅकिंटॉश टू आणले, त्यांच्याबरोबर एक्स्टेंडेड कीबोर्ड आला. तो इतका लांबरुंद होता की कंपनीत त्याचं टोपणनाव अमेरिकन विमानवाहू जहाजावरून साराटोगा असं पडलं होतं. फंक्शन कळांची रांग असलेला तो ॲपलचा पहिला कीबोर्ड, आणि तो वेगळा विकत घ्यावा लागे. सुरुवातीला त्यात नारिंगी अल्प्स होते, नंतर गुलाबी. कॅप्स लॉकला खास अडकणारा स्विच होता: एकदा दाबला की कळ खालीच राहायची, पुन्हा दाबली की वर यायची. डोळ्यांनी न बघता बोटाला कळायचं की मोठी अक्षरं चालू आहेत. हा तपशील मला फार आवडतो, कारण स्क्रीनवरचा कुठलाही दिवा ते काम इतक्या सरळपणे करू शकत नाही. कळांवरची अक्षरंही रंग प्लास्टिकमध्ये मुरवून छापलेली होती, त्यामुळे वर्षानुवर्षं वापरूनही ती पुसली जात नसत.

१९९० मध्ये एक्स्टेंडेड कीबोर्ड टू आला. त्यात क्रीम रंगाचे डॅम्प केलेले अल्प्स होते: स्लायडरला रबराचे बारीक तुकडे लावलेले, जेणेकरून कळ तळाला आणि परत वर येताना ठक्कन आपटणार नाही. यावर मतं विभागलेली आहेत. कुणाला ती मऊशार शांतता आवडते, कुणाला वाटतं की नारिंगीचा सगळा जीव त्या रबराने काढून घेतला. मी दुसऱ्या गटातला, पण अमेरिकेतल्या अनेक लेखकांनी हाच कीबोर्ड पुढे कितीतरी वर्षं सोडला नाही हेही खरं. १९९८ च्या आयमॅकने कीबोर्ड जोडायचा ॲपलचा जुना एडीबी पोर्ट काढून टाकला, तेव्हा या मंडळींनी ग्रिफिन कंपनीचा आयमेट नावाचा जोडणीचा तुकडा घेऊन तोच कीबोर्ड यूएसबीला लावला.

पीसीच्या बाजूला मिनेसोटाच्या नॉर्थगेट कंपनीचे ऑम्निकी कीबोर्ड अल्प्सच्या जोरावर नावाजले. डेलने नव्वदच्या दशकात एटी१०१ मालिकेत काळे अल्प्स घातले. संगणकाबरोबर येणारा कीबोर्ड म्हणून ते ढिगांनी कार्यालयांत गेले, आणि संगणक बदलले तसे ढिगांनी भंगारातही.

हे काळे स्विच म्हणजे उतरणीची पहिली खूण. ऐंशीचं दशक संपता संपता अल्प्सने रंगांची यादी आवरती घेतली. निळ्याची जागा पांढऱ्याने घेतली, नारिंगी-गुलाबीची काळ्याने. कागदावर प्रकार तेच, एक क्लिकी आणि एक टॅक्टाइल. बोटाला मात्र फरक लागतो. पांढरा निळ्यापेक्षा जड आणि त्याचा आवाज बसका. काळ्याचा ठसका बोथट, आणि धूळ गेली की तो खरखर करू लागतो. नावं, मालिका, बसवण्याची मापं काहीच बदललं नाही, त्यामुळे गिऱ्हाइकाला बदल झाला हेही कळलं नाही.

असं का झालं याचं उत्तर त्या सातशे तुकड्यांत आहे. डॉलर उतरवण्यासाठी मोठ्या देशांनी १९८५ मध्ये केलेल्या प्लाझा करारानंतर येन झपाट्याने महागला. करारापूर्वी एका डॉलरला साधारण २४० येन मिळत, १९८८ पर्यंत तो भाव १३० च्या आसपास आला. जपानमध्ये बनणारा प्रत्येक भाग अमेरिकन खरेदीदाराला तितकाच महाग पडू लागला. दुसरीकडे पीसीच्या किमती खाली चालल्या होत्या. आणि रबर डोम नावाचा प्रकार तयार होता: खाली प्लास्टिकच्या छापील फिल्म, त्यावर उंचवटे असलेली रबराची एक अखंड चादर, वर कळा. सातशे तुकडे जुळवायचे की एक चादर अंथरायची, हा प्रश्न खरेदी विभागाला पडलाच नसेल. हजार डॉलरच्या संगणकाबरोबर कीबोर्ड फुकटच द्यायचा असेल तर त्यावर किती खर्च करणार? ॲपलनेही १९९४ च्या डिझाइन कीबोर्डात स्वतंत्र स्विच सोडून दिले.

अल्प्सने मग आणखी एक पायरी खाली उतरून पाहिली. ती स्वतंत्र संपर्कपट्टी काढली आणि खालच्या घरातच साध्या संपर्क-पात्या बसवल्या. हे एसकेबीएल आणि एसकेबीएम. जाणकार त्यांना सिम्प्लिफाइड अल्प्स म्हणतात आणि जुन्यांना कॉम्प्लिकेटेड. बाहेरून दोन्ही सारखे, तोच आयताकृती खाचेचा स्लायडर आणि तीच कीकॅप, म्हणजे कळीची वरची टोपी. आतून मात्र नवा स्विच मोकळाढाकळा, आणि कळ कडेला दाबली तर जास्त डळमळणारा. तैवानच्या फॉरवर्ड इलेक्ट्रॉनिक्सने याच बांधणीचे स्विच केले, आणखी काही उत्पादकांनीही नकला काढल्या. यातल्या काही वाईट नव्हत्या, पण अल्प्सची आठवण म्हणून ज्यांनी त्या घेतल्या त्यांच्या हाती प्रतीची प्रत लागली. पुढे अल्प्सने कीबोर्डच्या स्विचमधून अंगच काढून घेतलं.

कंपनी बुडाली नाही, हे इथे सांगायला हवं. गाड्यांमधले स्विच, सेन्सर, लॅपटॉपचे टचपॅड, गेम कंट्रोलरच्या जॉयस्टिक यांत तिचा जम होता आणि आहे. २०१९ मध्ये अल्पाइनशी एकत्र येऊन तिचं नाव अल्प्स अल्पाइन झालं. तिच्या हिशेबात कीबोर्डचा स्विच हा एक आतबट्ट्याचा माल होता, तो तिने सोडला. कंपनी म्हणून मी तिला दोष देत नाही. पण त्या स्विचमागे कुणीतरी दोन पात्यांची कामं वेगळी करायचा विचार केला होता, आणि तो विचार वाया गेला याचं वाईट वाटतं.

मग चेरी का टिकली? एकतर तिचा स्विच मुळातच कमी भागांचा, त्यामुळे त्यातून काढण्यासारखं फारसं नव्हतं. दुसरं, तिच्याकडे दुकानांचे कॅश काउंटर आणि कारखाने अशी गिऱ्हाइकं होती, ज्यांना टिकाऊ कळ हवीच होती आणि जी संगणकाच्या किमतीबरोबर घसरत नव्हती. या आधाराने तिने पडता काळ काढला. २००६ मध्ये दास कीबोर्डच्या दुसऱ्या आवृत्तीत निळे चेरी आले, २०१० मध्ये रेझरचा ब्लॅकविडो आला, आणि गेम खेळणाऱ्या तरुण मुलांनी यांत्रिक कीबोर्डला पुन्हा बाजार मिळवून दिला. चेरीच्या एमएक्सचं पेटंट संपल्यावर कैहुआ आणि गेटरॉनसारख्या चिनी कंपन्यांनी चेरीच्याच अधिक-चिन्हाच्या (+) आकाराच्या दांडीचे स्विच बनवायला घेतले. आज बाजारात रंगीबेरंगी कीकॅप आणि शेकडो स्विच दिसतात ते जवळपास सगळे त्या अधिक-चिन्हाचे. अल्प्स आणखी थोडी वर्षं तग धरून राहती तर चित्र वेगळं दिसलं असतं असं मला मनापासून वाटतं. पण मागणी परतली तेव्हा जुन्या स्विचचं उत्पादन कधीच थांबलेलं होतं.

या घराण्याचा वारसा नेटाने चालवला तो कॅनडातल्या टोरोंटोच्या मटायस कंपनीने. जुन्या ॲपल एक्स्टेंडेडची आठवण म्हणून तिने २००० च्या दशकाच्या सुरुवातीला टॅक्टाइल प्रो काढला. स्विच मिळेनात तेव्हा पुरवठादार बदलले, आणि शेवटी स्वतःचेच स्विच करून घेतले, अगदी रबर लावलेला शांत प्रकारही. त्यांची बांधणी सिम्प्लिफाइड शाखेतली आहे. चांगले आहेत, प्रामाणिक आहेत, पण निळ्याची सर त्यांना नाही. आयताकृती खाचेच्या कीकॅप तैवानची ताय-हाओ कंपनी बनवते, तेवढाच आधार.

बाकी सगळा व्यवहार जुन्या मालाचा. जुन्या कीबोर्डातून स्विच सोडवून काढायचे, अल्ट्रासोनिक भांड्यात धुवायचे, वाळवायचे, कोरडं वंगण लावून नव्या बोर्डावर बसवायचे. इथे ते वरून उघडणारं झाकण उपयोगी पडतं. जुन्या कीबोर्डात फंक्शन कळांखालचे स्विच फारसे वापरलेले नसतात, तर ई, ए आणि स्पेसखालचे पार घासलेले. म्हणून जाणकार वरच्या रांगेतले स्लायडर आणि पात्या काढून मधल्या रांगेत घालतात आणि घासलेले वर सरकवतात. विकत घेताना आधी मधल्या ओळीतली कळ कडेवर हळूच दाबून बघावी. ती खरखरली तर स्क्रोल लॉक किंवा एफ१२ ची दाबावी. ती गुळगुळीत लागली तर दोष नुसत्या झिजेचा आणि धुळीचा आहे, कीबोर्ड घ्यायला हरकत नाही. तीही खरखरली तर आत ओल किंवा गंज गेलेला असण्याचा संभव मोठा, आणि तो धुऊन सहसा निघत नाही.