परदेशी खेड्यांत इंग्रजी शिकवणारे स्वयंसेवक : आजच्या अटी कुठून आल्या?

परदेशातल्या एखाद्या खेड्यात इंग्रजी शिकवायला जाऊ इच्छिणाऱ्याला चांगली संस्था आज काही ठरावीक प्रश्न विचारते. किती महिने राहणार? निदान १२० तासांचा प्रशिक्षण कोर्स झाला आहे का? तिथल्या शिक्षकाबरोबर एकाच वर्गात उभे राहून शिकवायची तयारी आहे का? पुष्कळांना हा कागदी सोपस्कार वाटतो. प्रत्यक्षात यातली जवळजवळ प्रत्येक अट आधीच्या एखाद्या फसलेल्या किंवा अर्धवट राहिलेल्या कामातून निघाली आहे.

२१ ऑगस्ट १९०१ रोजी ‘थॉमस’ नावाचे अमेरिकी लष्करी जहाज फिलिपिन्समधल्या मनिलाला पोहोचले. त्यात सुमारे ५०० शिक्षक होते. जहाजाच्या नावावरून पुढे त्यांना ‘थॉमसाइट’ म्हणू लागले. ते स्वयंसेवक नव्हते, त्यांना महिना १२५ डॉलर पगार ठरला होता आणि त्यांना पाठवणारी सत्ता ही त्या बेटांवर नुकतीच आलेली वसाहती सत्ता होती. तरीही खेड्यापाड्यांत परक्या देशाचा तरुण शिक्षक पाठवायचा, ही पद्धत एवढ्या मोठ्या प्रमाणावर तिथे दिसली. इंग्रजीला शिक्षणाचे माध्यम करणारा कायदा त्याच वर्षी जानेवारीत झाला होता. पुस्तके मात्र अमेरिकी मुलांसाठी लिहिलेली होती. त्यात बर्फ होता, सफरचंदे होती. १९२५ साली अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ पॉल मन्रो यांच्या नेतृत्वाखालच्या पाहणीत दिसले की बहुतेक मुले चौथीच्या पुढे जातच नव्हती, आणि एवढ्या थोड्या वर्षांत शिकलेली परकी भाषा शाळा सुटल्यावर टिकत नव्हती. टिकले ते दुसरेच काम. १९०१ मध्येच मनिलात अध्यापक विद्यालय निघाले होते, आणि अशा प्रशिक्षणातून तयार झालेल्या फिलिपिनो शिक्षकांनी पुढे शाळा चालवल्या.

स्वयंसेवेचा आजचा अर्थ दुसऱ्या महायुद्धानंतरचा आहे. १९५१ मध्ये हर्ब फीथ हा ऑस्ट्रेलियन पदवीधर इंडोनेशियाच्या सरकारी खात्यात इंग्रजीच्या कामासाठी गेला आणि तिथल्या कर्मचाऱ्याच्या पगारावर राहिला. त्यातून निघालेल्या पदवीधरांच्या योजनेचे तत्त्वच असे ठरले की यजमान देशातल्या सहकाऱ्याला मिळते तेवढेच घ्यायचे. स्वयंसेवकाचा भत्ता स्थानिक शिक्षकाच्या वेतनाच्या आसपास ठेवण्याची प्रथा याच विचारातली आहे. पगारात पाचपट फरक असेल तर शिक्षक-खोलीत बरोबरीने बोलणेच होत नाही. १९५८ मध्ये ब्रिटनमध्ये अ‍ॅलेक आणि मोरा डिक्सन या दांपत्याने ‘व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज’ ही परदेशी स्वयंसेवक पाठवणारी संस्था सुरू केली. पहिल्या तुकड्यांत शाळा नुकतीच संपवलेली १८ वर्षांची मुले होती. उत्साह भरपूर, पण शिकवण्याचे शिक्षण नाही. १९६२ पासून पदवीधर जाऊ लागले आणि पुढच्या दशकांत अनुभवी शिक्षकांना प्राधान्य मिळत गेले.

अमेरिकेची पीस कोअर, म्हणजे परदेशी स्वयंसेवक पाठवणारी सरकारी संस्था, १ मार्च १९६१ च्या आदेशाने स्थापन झाली. घानाला जाणारी पहिली तुकडी ऑगस्टअखेर आक्राला उतरली. तिथले काम नीट चालले, कारण जागा स्पष्ट होत्या : माध्यमिक शाळा झपाट्याने वाढत होत्या, शिक्षक कमी होते, आणि प्रत्येक स्वयंसेवकाला विषय, वर्ग व वेळापत्रक मिळत होते. त्याच वर्षी फिलिपिन्सला गेलेल्यांना मात्र प्राथमिक शाळांत ‘साहाय्यक’ म्हणून नेमले. वर्गात पात्र शिक्षक आधीच होता. मग साहाय्यकाने नेमके काय करायचे, हे ना त्याला माहीत होते ना शिक्षकाला. कोणी उच्चार करून दाखवत बसले, कोणी मागच्या बाकावर. त्या बेटांवर अमेरिकी शिक्षक उतरल्याला साठ वर्षे झाली होती, तरी आखणी करताना तिथे आधीच तयार असलेला शिक्षकवर्ग जमेस धरला गेला नाही. म्हणूनच ‘कामाचे लेखी वर्णन शाळेनेच द्यावे’ ही अट आम्हांला फार मोलाची वाटते. पीस कोअरचा २७ महिन्यांचा कालावधी, म्हणजे सुमारे तीन महिने प्रशिक्षण आणि दोन वर्षे काम, हाही विचारपूर्वक ठेवलेला आहे. सुरुवातीला प्रशिक्षण अमेरिकी विद्यापीठांत होई. नंतर ते यजमान देशात, स्थानिक कुटुंबात राहून होऊ लागले. दोन वर्षांत एका वर्गाची वार्षिक परीक्षा दोनदा बघता येते. पहिल्या वर्षी काय चुकले हे त्या परीक्षेतच कळते, आणि सुधारायला दुसरे वर्ष हातात उरते.

या सगळ्या काळावर एका परिषदेची सावली होती, तिच्याकडे जरा थांबून बघायला हवे. जानेवारी १९६१ मध्ये युगांडातल्या माकेरेरे येथे राष्ट्रकुल देशांची इंग्रजी-अध्यापनावर परिषद झाली. तिच्यातून पसरलेल्या समजुती थोडक्यात अशा : इंग्रजी फक्त इंग्रजीतूनच शिकवावी; आदर्श शिक्षक म्हणजे इंग्रजी ही मातृभाषा असलेला; जितक्या लवकर सुरुवात तितके चांगले; जितकी जास्त इंग्रजी तितके चांगले; आणि वर्गात दुसरी भाषा आली की इंग्रजीचा दर्जा घसरतो. १९९२ मध्ये भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट फिलिप्सन यांनी या पाचही समजुती चुकीच्या ठरवल्या. स्वयंसेवकांच्या दृष्टीने या समजुतींचा परिणाम मोठा होता. गावाची भाषा न येणे हे खरे तर शिक्षकाचे न्यून, पण इथे त्याचीच पात्रता बनली.

वर्गात याचे काय होते ते पूर्व आफ्रिकेच्या उदाहरणाने समजते. स्वाहिलीत ‘तो’ आणि ‘ती’ यांना एकच सर्वनाम आहे. त्यामुळे मुले ‘ही’ आणि ‘शी’ची अदलाबदल करतात. स्थानिक शिक्षकाला कारण माहीत असते. तो दोन वाक्यांत फरक सांगतो आणि सराव घेतो. भाषा न जाणणारा स्वयंसेवक याला निष्काळजीपणा समजतो किंवा चित्रे काढून, अभिनय करून अर्धा तास घालवतो. थाईत क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे तिथल्या मुलांचा भूतकाळ चुकतो. तिथेही हेच.

१२० तासांच्या कोर्सचा उगमही याच सुमाराचा. जॉन हेक्राफ्ट यांनी १९६२ मध्ये लंडनला दोन आठवड्यांचा शिक्षक-प्रशिक्षण कोर्स सुरू केला. त्याच परंपरेतून केंब्रिजचा ‘सेल्टा’ हा इंग्रजी शिकवण्याचा प्रमाणपत्र कोर्स आला : किमान १२० तास आणि त्यात खऱ्या विद्यार्थ्यांपुढे सहा तास अध्यापन. ‘१२० तास’ हा आकडा पुढे सर्वत्र उचलला गेला, ते सहा तास मात्र पुष्कळ ठिकाणी गळाले. निव्वळ ऑनलाइन केलेल्या कोर्सची खरी उणीव ती आहे. शिवाय ‘सेल्टा’ प्रौढांच्या छोट्या वर्गांसाठी आखलेला आहे. ६० मुलांचा पट, तिघांत एक पुस्तक आणि फळा एवढेच साधन असलेल्या वर्गात जोड्या करून बोलायला लावणे हेसुद्धा वेगळे शिकावे लागते : बाकाप्रमाणे जोड्या, एकच प्रश्न फळ्यावर, दोन मिनिटे वेळ आणि थांबण्याची ठरलेली खूण.

जपानने १९८७ मध्ये चार देशांतील ८४८ जणांना घेऊन ‘जेट’ योजना काढली; तिच्यात परदेशी तरुण जपानी शाळांत इंग्रजीचे साहाय्यक म्हणून येतात. ती पगारी आहे, पण जपानी शिक्षक आणि परदेशी साहाय्यक यांनी मिळून वर्ग घेण्याचा सर्वांत मोठा अनुभव तिथलाच. तिथली नेहमीची तक्रार अशी की साहाय्यकाचा टेपरेकॉर्डर होतो : ‘वाचा’ म्हटले की वाचायचे. उपाय साधा, पण दर वेळी करावा लागणारा : तासाआधी पंधरा-वीस मिनिटे एकत्र बसून टाचण काढणे आणि सूचना कोण देणार, फळ्यावर कोण लिहिणार, वह्या कोण बघणार हे वाटून घेणे.

१९९० नंतर पैसे भरून दोन-चार आठवड्यांसाठी जाण्याचा व्यवसाय वाढला. स्वयंसेवक बदलला की मुले पुन्हा रंग, प्राणी आणि ‘माय नेम इज’वर येतात आणि परीक्षेचा अभ्यासक्रम मागे पडतो. अनाथालयांत तर याहून गंभीर झाले. कंबोडियात आणि नेपाळमध्ये आईवडील हयात असलेली मुलेही पाहुण्यांच्या देणग्यांसाठी संस्थांत ठेवली गेली. म्हणून अनेक जबाबदार संस्थांनी अनाथालयातली कामे पूर्ण बंद केली. नेपाळमध्ये पर्यटक व्हिसावर स्वयंसेवा करता येत नाही, थायलंडमध्ये बिनपगारी शिकवण्यालाही परवाना लागतो.

मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे पीस कोअरने जगभरातले आपले सुमारे सात हजार स्वयंसेवक अगदी थोड्या दिवसांत परत बोलावले. हस्तांतराला कुणालाच वेळ नव्हता. जे तास एकट्या स्वयंसेवकाच्या नावावर होते, त्यांचे पुढे काय करायचे हे सांगायला वर्गात दुसरे कोणी नव्हते. तेव्हापासून आम्ही स्वयंसेवकांना एक वही पहिल्या आठवड्यातच सुरू करायला सांगतो : कोणत्या तारखेला कोणते पान झाले, कोणते शब्द पक्के झाले, कोणत्या चुका पुन्हा पुन्हा येतात. ही वही स्थानिक शिक्षकाच्या भाषेत किंवा दोन्ही भाषांत लिहावी आणि शाळेच्या कपाटात ठेवावी.