व्हेप म्हणजे ‘नुसती वाफ’ नव्हे
रंकाळ्यावर संध्याकाळी हमखास ऐकू येतं, ‘सिगारेट सोडली भावा, आता नुसती वाफ!’ पण बहुतेक व्हेपमध्ये, म्हणजे ई-सिगारेटमध्ये, निकोटीन असतंच. धूर गेला तरी व्यसन तिथंच. २०१९ च्या कायद्यानं देशात त्यांच्या विक्रीवर बंदी आहे. चोरून विकलेल्या नळीत निकोटीन किती, हे विकणाराही छातीठोक सांगणार नाही. कमी पडलं की चिडचिड, झोपमोड; जास्त झालं की मळमळ.

निकोटीन पूर्ण थांबवलं, तर पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात जड जातात, मग तीन-चार आठवड्यांत त्रास ओसरतो. तलफेची एकेक उबळ मात्र काही मिनिटांचीच. तेवढ्यात तलावाची फेरीसुद्धा पुरी होत नाही! तलफ आवरायला औषधदुकानात निकोटीनचा गम (च्युइंगम) मिळतो. तो पानासारखा चघळत बसायचा नाही, थोडा चावून गालात धरायचा.