लोहगाळणी, महाबळेश्वर परिसरातील

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम कडेला, महाबळेश्वरच्या पठारावर व आसपासच्या डोंगरमाथ्यांवर जांभ्यातील लोहखनिज लोणारी (लाकडाच्या) कोळशावर गाळून घडीव लोखंड काढण्याचा जुना व्यवसाय. तो करणाऱ्यांना धावड म्हणत. महाबळेश्वराचे धावड मुसलमान होते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सातारा खंड (१८८५) या व्यवसायाचा उल्लेख सरून गेलेली गोष्ट म्हणून करतो. त्यामुळे भट्ट्या विझल्या त्या बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या चरणाच्या आसपास. त्या खंडातील ‘सातारा’ म्हणजे आजचा जिल्हा नव्हे. तासगाव, वाळवे, खानापूर हे तालुके त्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला व १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. जुन्या नोंदी वाचताना हा फरक सुटला, तर सह्याद्रीच्या माथ्यावरचा उद्योग कृष्णाकाठच्या काळ्या मातीत जाऊन बसतो.

खनिज : या भागातील मूळ खडक दख्खनचा बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा खडक, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात लोह असते, पण ते सिलिकेटांत अडकलेले व भट्टीच्या दृष्टीने निरुपयोगी. भरपूर पाऊस व उष्ण हवा यांमुळे खडक कुजला, सिलिका (वाळूचा मुख्य घटक), चुना, मॅग्नेशिया वाहून गेले आणि लोह, ॲल्युमिनियम व टायटॅनियम यांची ऑक्साइडे मागे राहून जांभा बनला. महाबळेश्वर, पाचगणीचे टेबललँड, कासचे पठार, पाटणकडील सडे या सर्वांवर हेच टोपण आहे.

हे टोपण जागच्या जागी तयार झाले की लोह दुसरीकडून वाहत येऊन साचले, हा वाद मात्र मिटलेला नाही. फ्रान्सिस बुकानन याने १८०७ मध्ये मलबारातील अंगडीपुरमच्या दगडावरून जांभ्यासाठी ‘लॅटेराइट’ ही संज्ञा रूढ केली, तेव्हापासून तो चालू आहे. भूवैज्ञानिक माइक विडोसन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या मते उंचावरील जांभा हा लाव्ह्याच्या मूळ पृष्ठभागावर झालेल्या दीर्घ अपक्षयाचा (खडक जागीच कुजण्याचा) अवशेष असून एकेकाळच्या सलग पृष्ठाचे हे उरलेले तुकडे होत. क्लिफ ऑलिये व हेतू शेठ यांनी २००८ मध्ये याउलट मांडणी केली. त्यांच्या मते हे थर जुन्या दऱ्यांच्या तळाशी लोह साचून घट्ट झाले; पुढे भोवतालचा मऊ खडक झिजला आणि दरीचा तळ डोंगराचा माथा झाला. बामणोलीसारख्या लांबट, अरुंद रांगांच्या माथ्यांकडे पाहिले की दुसरे मत आकर्षक वाटते. तथापि महाबळेश्वरच्या घाटरस्त्यांच्या कापांत खालचा ताजा बेसाल्ट, त्यावर कांद्यासारखे पापुद्रे सुटणारा कुजलेला खडक, मग पांढरट-जांभळट चिकणमाती व शेवटी जांभा असा क्रम सहसा खंड न पडता दिसतो. निदान या पठारापुरते पहिले मत अधिक पटण्यासारखे आहे. पुराचुंबकीय पद्धतीने (खडकात टिकून राहिलेल्या चुंबकत्वावरून) उंचावरील जांभ्याचे वय क्रिटेशसच्या, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपलेल्या कल्पाच्या, अखेरीपासून तृतीयक कल्पाच्या आरंभापर्यंत, तर कोकणातील सखल जांभ्याचे त्याहून बरेच अलीकडचे ठरवले गेले आहे (१९८३). मात्र ही वये ढोबळ समजावीत.

वाद भूवैज्ञानिकांचा असला तरी धावडांच्या कामाशी त्याचा थेट संबंध पोहोचतो. जांभा सगळीकडे सारखा नसतो. ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचे ऑक्साइड) जास्त झाला की तो बॉक्साइटकडे, म्हणजे ॲल्युमिनियमच्या खनिजाकडे, झुकतो व लोखंडाच्या भट्टीत निकामी ठरतो. लोह पाण्याबरोबर थोडे जरी सरकून साचले असेल, तर पठाराच्या कडांना व खळग्यांत वजनदार, गडद तपकिरी गाठी मिळतात. भट्टीला हव्यात त्या याच गाठी, घरबांधणीचा चिरा नव्हे.

भट्टी : मातीची लहान भट्टी, कातड्याचे भाते, वारा आत सोडणारी भाजक्या मातीची नळी आणि खनिज व कोळसा यांचे आलटून पालटून थर, अशी या प्रकारच्या गाळणीची सर्वसाधारण रचना असते. लोखंड १५३८° से.ला वितळते, भात्याच्या भट्टीत एवढा ताप टिकत नाही. म्हणून येथे लोखंड वितळत नाही, घन अवस्थेतच ऑक्साइडातून सुटे होते. वितळते ती मळी. खनिजातील काही लोह सिलिकेशी संयोग पावून फायलाइट बनते, ते सुमारे १२०५° से.ला पातळ होऊन खाली वाहते आणि वर स्पंजासारखा लोहपिंड उरतो. तो तापवून, घणाखाली ठोकून उरलेली मळी पिळून काढावी लागे.

खरी कसोटी येथे होती. जांभ्यात सिलिका थोडी व ॲल्युमिना फार. अशा खनिजाची मळी चिकट होते, वाहत नाही, पिंडातच अडकून बसते. पुरेशी सिलिका भट्टीच्या मातीच्या अस्तरातून मिळत असली पाहिजे, आणि ॲल्युमिनायुक्त गाठी हाताने निवडून टाकल्याखेरीज हे काम जमणारे नाही. रसायनशास्त्राची परिभाषा नसताना वजन, रंग व ठोकल्यावरचा आवाज यांवर ही निवड करणे हे मोठे कौशल्य होते. ‘ओबडधोबड देशी पद्धत’ या शब्दांत त्याची बोळवण करणे अन्यायाचे आहे.

तयार लोखंड कुऱ्हाडी, कोयते, फाळ, खिळे, नाल अशा रोजच्या वस्तूंना जात असावे. परिसरातील गडांवरची शस्त्रेही याच लोखंडाची, असे अनुमान सहज सुचते. पण मराठ्यांच्या फिरंगी तलवारींची पाती मोठ्या प्रमाणावर युरोपातून येत, हे लक्षात घेता ते जपूनच करावे.

कोळसा व ऱ्हास : खनिजाची ददात नव्हती, उद्योगाचा जीव कोळशात होता. कोळसा पाडण्याच्या पारंपरिक भट्टीत लाकडाच्या वजनाच्या साधारण पाचव्या ते सातव्या हिश्शाएवढाच कोळसा पडतो आणि एक शेर घडीव लोखंडामागे कित्येक शेर कोळसा जळतो. महाबळेश्वरचे रान अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा यांचे. त्यांपैकी अंजनीचे लाकूड कठीण व कोळशाला उत्तम. आज तेथे दिसणारी बुटकी, बुंध्यापासून अनेक फांद्या फुटलेली झाडे वाऱ्यापावसाइतकीच जुन्या तोडीचीही खूण असणे संभवते.

१८२८ नंतर महाबळेश्वरावर माल्कमपेठ हे इंग्रजांचे गिरिस्थान वसले, त्याला सावली व सरपण दोन्ही हवे झाले. पुढे जंगल राखीव करण्याचे धोरण आले आणि १८७८ च्या वन कायद्याने ते पक्के केले. त्याच सुमारास विलायती पट्ट्या व सळया रेल्वेने स्वस्तात येऊ लागल्या. ऱ्हासाचे कारण म्हणून बहुधा विलायती माल पुढे केला जातो, पण कोळसा तुटल्यावर भट्टी एक दिवसही चालत नाही. वनबंदीला अधिक वजन द्यावे लागते. धावड पुढे मोलमजुरी व किरकोळ धंद्यांकडे वळले.

नंतरचा काळ : १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात, आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी वसवून लोखंडी नांगर ओतायला सुरुवात केली, साताऱ्यात कूपर यांच्या कारखान्यानेही नांगर काढले. हे ओतकाम बाहेरून आणलेल्या बिडावर चाले. जांभ्याच्या गाळणीशी त्याचे नाते केवळ भूगोलाचे आहे.

विसाव्या शतकात जांभ्याकडे पाहिले गेले ते बॉक्साइटसाठी. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात त्याच्या खाणी चालल्या. साताऱ्याच्या माथ्यांवर मात्र महाबळेश्वर-पाचगणीचे पर्यावरण-संवेदनक्षेत्र (२००१), कोयना अभयारण्य व कासचा जागतिक वारशातील समावेश (२०१२) यांमुळे खाणकामाला फारसा वाव उरलेला नाही.

    

अवशेष : मळीचा तुकडा काळा, जड, एका अंगाला काकवीसारख्या वाहिल्याच्या वळ्या असलेला, दुसऱ्या अंगाला कोळशाचे ठसे उमटलेला असतो. जांभ्याची नैसर्गिक गाठ घासली तर तांबडी किंवा पिवळसर रेघ उमटते. लोहचुंबकाची परीक्षा येथे फसवी आहे, कारण जांभ्यातील मॅघेमाइट हे लोहाचे ऑक्साइडही चुंबकाला चिकटते; नैसर्गिक गाठींनाच मळी समजण्याचा धोका त्यामुळे राहतो.

काळ ठरवण्यासाठी मळीत अडकलेल्या कोळशाचे कार्बन-१४ मापन हा पहिला उपाय सुचतो. तथापि इ. स. १६५० नंतरच्या नमुन्यांबाबत ही पद्धत तीनशे वर्षांच्या पट्ट्यात नेमके वर्ष देत नाही, आणि अंजनीसारख्या सावकाश वाढणाऱ्या झाडाच्या गाभ्याचा कोळसा भट्टीहून बराच जुना असू शकतो. भट्टीच्या भाजलेल्या अस्तराचे व नळ्यांचे तापदीप्ती पद्धतीने (तापवल्यावर निघणाऱ्या मंद प्रकाशावरून) मापन या प्रदेशात अधिक विश्वसनीय ठरेल. त्यासाठी तुकडे उन्हात न उघडता, सभोवतालच्या मातीसह उचलावे लागतात.