मुद्दाम केलेली एका अक्षराची चूक

विज्ञान दिनी एका शाळेत पाण्यासारखं द्रावण असलेली नळी दाखवत होतो. यात सिकलसेलचं, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या रक्ताच्या आजाराचं, जनुक घातलेला प्लास्मिड आहे म्हटल्यावर एक पालक दोन पावलं मागे सरले. "सर, हे अंगावर सांडलं तं सिकलसेल होईन का?" या आजाराचे रुग्ण बरेच असलेल्या नागपुरात हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. पण उत्तर 'नाही' हेच. पेशीचं आवरण उघड्या डीएनएला सहजी आत घेत नाही. प्रयोगशाळेतसुद्धा त्याला स्निग्ध पदार्थात गुंडाळून आत ढकलावं लागतं. आजार येतो तो आई-वडील दोघांकडून. दोघं वाहक असतील, तर प्रत्येक खेपेस रुग्ण मूल होण्याची शक्यता 25 टक्के. छत्तीस गुण जुळवणाऱ्यांनी रक्तही तपासावं, पत्रिकेत हा ग्रह नसतो.

प्लास्मिड म्हणजे डीएनएचं छोटं वर्तुळ. त्यात हिमोग्लोबिनचा एक भाग असलेल्या बीटा ग्लोबिन या प्रथिनाचं जनुक, त्याच्यापुढे मानवी पेशीत जोरात चालणारा एका विषाणूचा 'स्विच', आणि जिवाणूत वाढवण्यासाठी अँपिसिलिन या प्रतिजैविकाला दाद न देणारं आणखी एक जनुक. निरोगी जनुकात जिथं 'जीएजी' ही तीन अक्षरं असतात, तिथं 'जीटीजी' झालं की प्रथिनात ग्लुटामिक आम्ल या अमिनो आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं. बस्स, एवढंच.

हे एक अक्षर बदलायचं कसं? मला खरी गंमत इथंच वाटते. मधोमध चुकीचं अक्षर असलेला तीसेक अक्षरांचा प्रायमर, म्हणजे डीएनएचा छोटा तुकडा, बनवतात. एक अक्षर जुळलं नाही तरी बाकीची जुळतात, म्हणून तो चिकटतो आणि पीसीआर या डीएनएच्या प्रती काढण्याच्या तंत्रात त्याच्यापासून अख्ख्या वर्तुळाच्या प्रती निघतात. आता नळीत जुने, बिनचूक प्लास्मिडही आहेत. ते वेगळे कसे काढणार? जुने वाढले ई. कोलाय जिवाणूत, आणि हा जिवाणू 'जीएटीसी' दिसेल तिथल्या 'ए'वर मिथाइलचा शिक्का मारतो. नळीत जन्मलेल्या प्रतींवर शिक्का नाही. डीपीएन-वन नावाचं विकर शिक्केवालं 'जीएटीसी'च कापतं. 37 अंशांवर तासभर ठेवा, जुन्यांचे तुकडे होतात, चुकीचे तेवढे शाबूत राहतात! जनुकात हवं तिथं अक्षर बदलण्याची मूळ युक्ती मायकेल स्मिथ यांची. 1993 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना कॅरी मुलिस यांच्यासोबत विभागून मिळालं.

एक खाच मात्र आहे. पुस्तकात 'सहावं अमिनो आम्ल' लिहितात, पण पेशी सुरुवातीचं मेथिओनिन हे अमिनो आम्ल छाटून टाकते. म्हणून डीएनएत तो सातवा कोडॉन, म्हणजे तीन अक्षरांचा सातवा गट. मी एकदा सहावा धरला आणि प्रोलिनचं ल्युसिन करून बसलो.

हा प्लास्मिड प्रयोगशाळेत वाढवलेल्या एचईके 293 या मानवी पेशींत घातला, शेजारी निरोगी जनुकाचा घातला, की दोन्हींत फरक त्या एका अक्षराचा. पण पेशी विळ्यासारखी वाकेल ही अपेक्षा नको. लाल पेशीत हिमोग्लोबिन ठासून भरलेलं असतं, इथं ते तेवढं कधीच साचत नाही. विळा बघायचाच, तर रुग्णाच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्या, ऑक्सिजन शोषणारं सोडियम मेटाबायसल्फाइट टाका, वरून काच ठेवून कडा बंद करा आणि थोडं थांबा.