रहिवासी संघाची नोंदणी कशी करायची? पात्रता, कागदपत्रं आणि उद्देश लिहिताना घ्यायची काळजी

गल्लीतले दिवे बंद आहेत, गटार तुंबलंय, कचऱ्याची गाडी येत नाही. एवढ्यासाठी नोंदणीकृत संस्था लागत नाही. सह्यांचं निवेदन वॉर्ड ऑफिसात द्या आणि पोच घ्या. माहिती अधिकाराचा अर्ज तर संघाच्या नावाने करूच नका. २००५ च्या कायद्याने तो हक्क नागरिकाला दिला आहे, त्यामुळे कुणीतरी एकाने स्वतःच्या नावाने, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करावा. मुंबईत गल्लीपुरतं काम करायचं असेल, तर घाटकोपरच्या जोशी लेनपासून सुरू झालेली ‘एएलएम’ची (ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट, म्हणजे रहिवाशांनी महापालिकेच्या साथीने आपल्या गल्लीची काळजी घेण्याची) पद्धत आहेच. तिची नोंद महापालिकेच्या वॉर्ड कार्यालयात होते.

संघ पैसे हाताळू लागला, की मात्र नोंदणी टाळू नये. वर्गणी सेक्रेटरींच्या खासगी खात्यात जमा होऊ लागली की चांगल्या माणसांमध्येही संशय शिरतो, आणि त्यात वर्षानुवर्षांचं काम थांबतं. ‘आमची सोसायटी आहेच की’ हे उत्तर इथे चालत नाही. गृहनिर्माण संस्था १९६० च्या सहकार कायद्याखाली उपनिबंधकांकडे नोंदलेली असते आणि तिचा कारभार तिच्या आवारापुरता असतो. पाच-दहा सोसायट्या, चाळी आणि बंगले मिळून परिसराचं काम करायचं, तर वेगळी संस्था हवी.

महाराष्ट्रात अशी संस्था दोन कायद्यांखाली नोंदली जाते: संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०. दोन्हींसाठी जायचं एकाच ठिकाणी, जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात. किमान सात जण लागतात. ते वेगवेगळ्या घरांतले घ्या, एकाच कुटुंबातले नकोत.

कागदांमध्ये सर्वांत महत्त्वाचं विधानपत्र. त्यात संस्थेचं नाव, उद्देश आणि पहिल्या कार्यकारी मंडळाची नावं, पत्ते, व्यवसाय येतात, खाली सातही जणांच्या सह्या. इथेच बहुतेक संघ घाई करतात. एजंटकडचा तयार मसुदा उचलतात, आणि परिसराच्या संघाच्या उद्देशांत गोशाळा आणि इंजिनिअरिंग कॉलेजही येऊन बसतं. तसं करू नका. विश्वस्त कायद्याच्या कलम ९ मध्ये धर्मादाय उद्देश सांगितले आहेत: गरिबांना मदत, शिक्षण, वैद्यकीय मदत, लोकहितासाठी करमणुकीच्या सोयी आणि सार्वजनिक उपयोगाची इतर कामं. ‘सभासदांच्या सोयीसाठी’ असं लिहिलंत तर संस्था खासगी हिताची दिसते. ‘परिसरातील सर्व नागरिकांसाठी’ असं लिहा, आणि पुढे खरोखर करायची कामं मांडा: स्वच्छता, झाडं, बाग, ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र. उद्देश नंतर बदलणं सोपं नाही. संस्था नोंदणी अधिनियमाच्या कलम १२ नुसार त्यासाठी विशेष सभा लागते, तिची लेखी सूचना दहा दिवस आधी द्यावी लागते, तीन पंचमांश मतं मिळवावी लागतात, आणि महिन्याच्या अंतराने दुसरी सभा घेऊन तितक्याच मतांनी ठराव पुन्हा मंजूर करावा लागतो.

विधानपत्रासोबत नियमावली जोडायची. सभासद कोण होऊ शकेल, वर्गणी किती, निवडणूक कधी, गणपूर्ती किती, बँकेत सह्या कुणाच्या, हे तिच्यात स्पष्ट हवं. मी तर म्हणेन, भाडेकरूंनाही सभासदत्व द्या. त्याच नळाचं पाणी तेही पितात.

बाकीचे कागद जमवायला सोपे: सभासदांची संमतीपत्रं, अर्ज करणाऱ्याला दिलेलं अधिकारपत्र, ओळखीचे आणि पत्त्याचे पुरावे, कार्यालयाच्या जागेसाठी मालकाचं नाहरकत पत्र आणि त्या जागेचं वीजबिल किंवा मालमत्ता कराची पावती, प्रतिज्ञापत्र. शासकीय संस्था वाटेल असं नाव देऊ नका, आणि पर्यायी नावं तयार ठेवा.

संस्थेचं प्रमाणपत्र मिळालं की अर्धं काम झालं. विश्वस्त व्यवस्था म्हणून नोंदणीचा अर्ज परिशिष्ट २ च्या नमुन्यात, तीन महिन्यांच्या आत द्यायचा असतो. त्याची चौकशी होऊन दुसरं प्रमाणपत्र मिळतं, त्यावर ‘एफ’ने सुरू होणारा क्रमांक असतो. मग संस्थेचा पॅन आणि बँक खातं.

पुढे दरवर्षी ३१ मार्चला हिशेब बंद करून सहा महिन्यांत लेखापरीक्षण करून घ्यायचं. वार्षिक सभेनंतर चौदा दिवसांत कार्यकारी मंडळाची यादी धर्मादाय कार्यालयातल्या संस्था निबंधकांकडे द्यायची. पदाधिकारी बदलले, तर ९० दिवसांत बदल अर्ज, म्हणजेच सगळे ज्याला ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात तो, दाखल करायचा. निवडणूक झाली, नवे अध्यक्ष कामाला लागले आणि हा अर्ज राहून गेला, तर धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत जुनेच लोक विश्वस्त राहतात आणि बँकेत सह्या बदलतानाही अडचण येते. म्हणून निवडणुकीच्या सभेतच सूचनेची प्रत, हजेरीपत्रक, इतिवृत्त आणि नव्या पदाधिकाऱ्यांची संमतीपत्रं एका फाइलमध्ये लावून ठेवा.