हो-नाही शब्दचाचणी

दुसरी भाषा शिकणाऱ्याला किती शब्द येतात हे झटपट मोजायची पद्धत. समोर एकेक शब्द येतो, माहीत असेल तर 'हो', नसेल तर 'नाही', बस एवढंच. मधेमधे मुद्दाम बनावट शब्द पेरलेले असतात, दिसायला अगदी त्याच भाषेतले पण डिक्शनरीत नसलेले, म्हणजे जो सरसकट हो म्हणत सुटतो तो सापडतो.

श्रेय सहसा पॉल मिआरा आणि बार्बरा बक्स्टन या भाषा-संशोधकांच्या १९८७ च्या लेखाला देतात, पण हे जरा जपूनच घ्यावं. येणाऱ्या शब्दांवर नुसती खूण करायची यादी बरीच जुनी आहे, आणि बनावट शब्द घालून अँडरसन व फ्रीबॉडी यांनी १९८३ मध्येच मुलांचा शब्दसंग्रह मोजला होता, फक्त तो त्यांच्या स्वतःच्या भाषेतला. मिआरांनी ही पद्धत दुसऱ्या भाषेसाठी रुळवली, असं म्हणणं जास्त बरोबर वाटतं.

खरी भांडणं गुणांवरून. एक्स-लेक्स चाचणीत १०० खरे आणि २० बनावट शब्द असतात, खऱ्याला हो म्हटलं की ५० गुण आणि बनावटाला हो म्हटलं की २५० वजा, म्हणजे सगळ्यालाच हो म्हणणाऱ्याचे ५००० मिळून ५००० जातात, हातात शून्य. हिशोब सोपा आहे, पण काही लोक स्वभावानेच बिनधास्त हो म्हणतात आणि काही खात्री असली तरी कचरतात, त्याचं काय? म्हणून २००२ मध्ये हायब्रेख्त्स, अ‍ॅडमिराल आणि मिआरा यांनी संकेत-ओळख सिद्धांतावरून (खरं आणि खोटं ओळखण्याची कुवत ही हो म्हणायच्या सवयीपासून वेगळी काढून मोजणारा) वेगळं सूत्र मांडलं. तत्त्व म्हणून ते जास्त पटतं, वर्गात मात्र साधी वजाबाकीच परवडते.

बनावट शब्द घडवणं हेही नाजूक काम. मराठीच्या चाचणीत 'मोजणूक' ठेवला तर 'मोजणी' आणि 'वागणूक' माहीत असलेला हुशार विद्यार्थीच आधी फसेल, मग ती चूक अज्ञानाची कशी म्हणायची!

लेक्सटेल (२०१२) ही चाचणी हीच पद्धत इंग्रजीसाठी वापरते, ४० खरे नि २० बनावट शब्द, पाचेक मिनिटांत उरकते, त्यामुळे मानसशास्त्राच्या प्रयोगांत फार चालते. शब्द ओळखणं म्हणजे अर्थ येणं नव्हे, त्यासाठी पॉल नेशन यांची १९८३ ची शब्द-अर्थ जुळवायची स्तर चाचणी बघावी. ऐकून ओळखायच्या चाचण्याही आहेत, पण कमी.